पेडलची परत-स्प्रिंग (एमजीबी मोटार)

मोटारीचे ब्रेक, क्लच किंवा ॲक्सिलरेटरचे पेडल पायाचा दाब निघताच मूळ जागी आणणाऱ्या स्प्रिंगला परत-स्प्रिंग म्हणतात. ती बहुधा ताण प्रकारची मळसूत्री स्प्रिंग असते. तिची वेटोळी विश्रामस्थितीत एकमेकींना चिकटलेली असतात व दोन्ही टोकांना आकडे असतात. प्रस्तुत नोंदीत ब्रिटनमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीच्या आधारे या स्प्रिंगचे कार्य व बसवणी यांचा विचार केला आहे.

मळसूत्री स्प्रिंगच्या उगमाविषयी एकमत नाही. ट्रॅडवेल यांना १७६३ मध्ये ब्रिटनमध्ये मिळालेले पेटंट हे तिचे आरंभस्थान म्हणून अनेक संदर्भग्रंथांत दिले जाते, परंतु ते पेटंट मुख्यतः घोडागाड्यांना बसणारे हादरे कमी करण्यासंबंधी असल्याचे मानले जाते. शिवाय प्रताण (ताणल्याने होणारी लांबवाढ) व बल यांच्या समप्रमाणाचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७६ मध्ये अक्षरकोड्याच्या रूपात आणि १६७८ मध्ये उघडपणे मांडला होता व त्याच्या विवेचनात त्यांनी तारेच्या वेटोळ्यांचाही विचार केला होता. त्यामुळे पेटंटाच्या वर्षाला उगमाचे वर्ष न मानता वापराच्या नोंदीचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मोटारीच्या पेडलापुरते बोलायचे, तर आजची क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर ही मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये आढळते आणि १९२२ पासूनच्या ऑस्टिन सेव्हनमुळे ती ब्रिटनमध्ये रुळली असे सामान्यतः मानतात. त्याआधीच्या फोर्ड टी (१९०८) मध्ये तीन पेडले होती, पण ॲक्सिलरेटर हाताने चालवावा लागे.

पेडलाच्या स्प्रिंगचे काम द्रवचालित ब्रेकमुळे बदलले. सळया व दोऱ्यांच्या ब्रेकमध्ये स्प्रिंगला सगळी जोडणी मागे ओढावी लागे. माल्कम लॉकहीड यांच्या १९१७ च्या पेटंटानंतर व १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक आल्यानंतर चाकाकडील भाग परत आणण्याचे काम तेथील स्प्रिंगांकडे किंवा रबरी सीलांकडे गेले आणि पेडलाच्या स्प्रिंगकडे फक्त पेडल उरले. ती बिनमहत्त्वाची आहे हा गैरसमज बहुधा येथूनच सुरू झाला असावा.

एमजीबीत क्लच व ब्रेक यांची पेडले वरून लोंबणारी असून ती इंजिनकक्षातील एका पत्र्याच्या पेटीत एकाच आसाभोवती फिरतात. दोन्ही मास्टर सिलिंडर (आतील दट्ट्या सरकवून द्रवावर दाब आणणाऱ्या नळ्या) याच पेटीवर बसवलेले असतात व प्रत्येक पेडलाची भुजा क्लेविस पिनेने (सांध्यातील आडव्या खिळीने) आपापल्या ढकलदांड्याला, म्हणजे दट्ट्या पुढे रेटणाऱ्या दांड्याला, जोडलेली असते. स्प्रिंगही प्रत्येक पेडलाला स्वतंत्र असून तिचे एक टोक भुजेला व दुसरे स्थिर भागाला अडकवलेले असते.

मास्टर सिलिंडरच्या भिंतीत, विश्रामस्थितीतील दट्ट्याच्या सीलच्या किंचित पुढे, द्रवसाठ्याकडे जाणारे एक अतिशय बारीक छिद्र असते. दट्ट्या पूर्णपणे मागे आला तरच ते उघडे राहते. ब्रेक तापून द्रव प्रसरण पावला की जादा द्रव याच वाटेने साठ्यात परततो. पेडल काही मिलिमीटर खाली लोंबत राहिले व ढकलदांड्याने दट्ट्या पुढे रेटून धरला, तर छिद्र झाकलेलेच राहते, दाब अडकतो, पॅड डिस्कला घासून आणखी तापतात आणि प्रसरण आणखी वाढते. ही साखळी सुरू झाल्यावर गाडी काही मैलांत जड चालू लागते. थंड झाली की दोष नाहीसा होतो, त्यामुळे तो गॅरेजात सापडत नाही. क्लचच्या बाबतीत परिणाम संथ असतो. या मोटारीत डायाफ्राम (बशीच्या आकाराच्या स्प्रिंगचा) क्लच असून स्लेव्ह सिलिंडरला, म्हणजे मास्टरकडून आलेल्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरला, निराळी जुळवणी नाही. क्लच प्लेटचे अस्तर झिजत जाते तसतसा स्लेव्हचा दट्ट्या आत सरकतो व द्रव साठ्याकडे ढकलला जातो. ती वाट बंद असेल तर डायाफ्रामवर सतत थोडा दाब राहतो, डायाफ्रामला दाबणारे ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग झिजते आणि शेवटी क्लच घसरू लागतो.

बाहेरची स्प्रिंग आवश्यक आहे की नाही, याविषयी जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. मास्टर सिलिंडरमध्ये दट्ट्यापुढे स्वतःची स्प्रिंग असतेच आणि ढकलदांडा सिलिंडरमध्येच अडकवलेला असल्याने तीच पेडलही वर आणते, म्हणून बाहेरची स्प्रिंग केवळ खडखड टाळण्यापुरती आहे, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते आतील स्प्रिंगची रचना दट्ट्या व सील परत आणण्यासाठी असते, लांब भुजेचे पेडल उचलून धरण्यासाठी नव्हे. आसाचा बुश (आसावरील नळीसारखे अस्तर) कोरडा किंवा गंजलेला असल्यास तिची ताकद अपुरी पडते. नव्या, ग्रीस लावलेल्या जोडणीत पहिले मत अनुभवाला उतरते. मात्र जुन्या मोटारीत बुश, पिन आणि सील यांची अवस्था सहसा सारखी नसते, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक स्वीकारार्ह वाटते.

याचा अर्थ जितकी कडक स्प्रिंग तितकी चांगली, असा नाही. मळसूत्री स्प्रिंगची कडकता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि वेटोळ्याच्या सरासरी व्यासाच्या घनाच्या व वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे २ मिमी.ऐवजी २.२ मिमी. तारेची, बाकी मापे तीच असलेली स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक कडक होते. एवढ्या फरकाने पायाला ब्रेकचा अंदाज चुकू शकतो आणि आकड्याच्या वाकणावरील ताणही वाढतो. ताण स्प्रिंग तुटते ती बहुतेकदा या वाकणातच. विजेने जस्ताचा मुलामा दिलेल्या कडक तारेत हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून चकचकीत नव्या स्प्रिंगपेक्षा साधी, तेल लावलेली काळी स्प्रिंग पसंत करणारे कारागीर चुकीचे म्हणता येत नाहीत.

बसवण्यापूर्वी पेटीवरील झाकण काढून पेडल हाताने दाबून पाहावे. जुनी स्प्रिंग काढल्यावर भुजा आसावर मोकळी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर दोष बुशाचा आहे आणि स्प्रिंग बदलून तो जाणार नाही. क्लेविस पिनेचे भोक बऱ्याच जुन्या गाड्यांत लंबगोल झालेले आढळते. त्यामुळे वाढणारा पेडलाचा ‘खेळ’ स्प्रिंगच्या माथी मारला जातो. सील फुगलेले असेल, उदाहरणार्थ ब्रेकच्या साठ्यात चुकून इंजिन ऑइल गेले असेल, तरीही दट्ट्या परत येत नाही व स्प्रिंग निरुपयोगी ठरते.

प्रत्यक्ष बसवणी हे अडचणीच्या जागेतले काम आहे. डॅशबोर्डखाली उताणे पडून एका हाताने ताणलेली स्प्रिंग भोकात अडकवणे जमतेच असे नाही. एक जुनी युक्ती अशी, की बाकावर स्प्रिंग एका बाजूला वाकवून उघडलेल्या फटींत वॉशर किंवा नाणी सरकवावीत, मग दुसऱ्या बाजूला तसेच करावे. स्प्रिंग लांबलेलीच राहते, दोन्ही आकडे सहज बसतात आणि पेडल दाबले की वॉशर गळून पडतात. ते सगळे मोजून परत घ्यावेत. मजबूत दोरीने आकडा ओढून घेण्याची पद्धतही चालते. पक्कडीने तार चिमटू नये, कारण ओरखड्यापासूनच पुढे तडा जातो. डोळ्यांवर चष्मा असावा, हे वेगळे सांगायला नको. बसवल्यानंतर ब्रेक पेडलाच्या पाय टेकण्याच्या भागाशी सुमारे ३ मिमी. मोकळी हालचाल मिळते का ते पाहावे. १९६८ पासूनच्या उत्तर अमेरिकी गाड्यांत ब्रेकच्या दिव्याचा स्विच पेडलावरच चालतो, त्यामुळे तेथे दिवा विझतो की नाही, हीसुद्धा एक सोपी परीक्षा आहे.

ॲक्सिलरेटरच्या स्प्रिंगा मात्र प्रामुख्याने कार्ब्युरेटरच्या आसांवर असतात. अमेरिकेतील १९७३ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकानुसार थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मिटवणारे किमान दोन ऊर्जास्रोत आवश्यक ठरले. जुन्या गाडीत दुसरी स्प्रिंग घालताना तिचा आकडा पहिलीच्याच भोकात अडकवल्यास भोक झिजून दोन्ही एकाच वेळी सुटू शकतात. भारतीय वाचकांना परिचित असलेल्या अँबॅसडरचे १,४८९ घ.सेंमी.चे पेट्रोल इंजिन व एमजीबीचे १,७९८ घ.सेंमी.चे इंजिन ही एकाच बी-मालिकेतील असल्याने इंजिनाकडील काही अनुभव तेथून घेता येतो. पेडलपेटी मात्र निराळी आहे.