लहान कॅबिनेटमध्ये गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंग: सुटे भाग घेण्याआधी वाचा

डिचोली, साखळी, वाळपई आणि पेडण्याच्या किनारपट्टीवरून आमच्याकडे नवा संगणक असेंबल करून घ्यायला लोक येतात. बऱ्याच जणांची मागणी सारखीच असते. बजेट बेताचे आहे, कॅबिनेट लहान हवे, दिवसा लग्नाचे, जत्रेचे, नाटकाचे व्हिडिओ एडिट करायचे आणि रात्री गेम खेळायचे. ही मागणी नक्की पुरी करता येते. पण गेमिंगला जे लागते तेच एडिटिंगला लागते असे नाही, आणि लहान कॅबिनेटमध्ये एक भाग चुकला तर शेजारचे दोन बदलावे लागतात. म्हणून कोटेशनच्या आधी हे पत्रक तुमच्या हातात देतो. घरी नेऊन सावकाश वाचा.

कॅमेरा कोणता आणि खेळता काय?

भाग निवडताना आम्ही हे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारतो. गेमिंगचा भार मुख्यतः ग्राफिक कार्डावर पडतो. एडिटिंगचा भार वाटला जातो: क्लिप उलगडण्याचे काम प्रोसेसर किंवा ग्राफिक्समधला डिकोडर करतो, टाइमलाइन रॅमवर चालते, फुटेज एसएसडीवरून येते आणि रंगसंस्कार, इफेक्ट यांसाठी ग्राफिक कार्ड राबते. निव्वळ गेमिंगसाठी संगणक घेणाऱ्याने बजेटचा मोठा वाटा कार्डावर घालावा. एडिटिंगवर पोट असलेल्याने कार्ड एक पायरी खाली घ्यावे आणि वाचलेले पैसे रॅम व एसएसडीवर घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याचे का विचारतो तेही सांगतो. मोबाइल, गोप्रो आणि साध्या ड्रोनचे फुटेज बहुधा ४:२:० प्रकारचे, म्हणजे रंगाची माहिती कमी करून साठवलेले असते. ते आजच्या जवळपास कोणत्याही ग्राफिक्सवर सुरळीत चालते. पण सोनी, कॅनन यांच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर पुष्कळ जण एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) मध्ये ४:२:२, १० बिट, म्हणजे रंगाची अधिक माहिती ठेवणारे शूटिंग करतात. हा प्रकार एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांतला डिकोडर उलगडत नाही. मग सगळा बोजा प्रोसेसरवर येतो. कार्ड चांगले असूनही प्ले दाबल्यावर चित्र अडखळते, आवाज पुढे जातो आणि नवरीच्या गळ्यात माळ पडायच्या जागी पडदा गोठतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या, ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्ये हे एच.२६५ फुटेज उलगडायची सोय आहे. इंटेलच्या आर्क कार्डांत आणि एनव्हिडियाच्या ५० मालिकेतही ती आहे. त्यामुळे पुष्कळ पैसे खर्च केलेल्या संगणकावर जी क्लिप अडते, ती कधी कधी साध्या आय५-१२४०० वर सरळ चालते.

इथे एका अक्षराकडे लक्ष द्या. आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. एफ थोडा स्वस्त पडतो आणि फक्त गेमिंग करणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. ४:२:२ शूटिंग करणाऱ्याने ते पैसे वाचवू नयेत.

तुमच्याकडे आत्ता जो संगणक आहे तो फक्त ४के फुटेजवर अडत असेल, तर आधी प्रॉक्सी करून पाहा. प्रीमियर आणि डाविंची रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती तयार होतात, त्यांवर एडिटिंग करायचे, आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून होतो. कित्येकांचे काम त्यावर भागते आणि खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते. दुकानात आलात तर प्रॉक्सी कशा करायच्या ते आम्ही दाखवू, त्याचे पैसे घेत नाही.

ग्राफिक कार्ड

बेताच्या बजेटमध्ये आज तीन-चार नावे समोर येतात. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही ८ जीबी मेमरीची कार्डे. पहिल्याला ११५ वॅट वीज लागते, दुसऱ्याला १४५. लहान कॅबिनेटला कमी वीज म्हणजे कमी उष्णता, हा मोठा फायदा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, पण ते १९० वॅटपर्यंत जाते. जुने आरटीएक्स ३०६० सुद्धा १२ जीबीमध्ये मिळते.

फुल एचडी पडद्यावर खेळायचे असेल तर ८ जीबी पुष्कळ गेमना पुरते. अलीकडच्या काही जड गेममध्ये मात्र टेक्सचर एक पायरी खाली आणावे लागते. एडिटिंगमध्ये मेमरीची कमतरता अधिक जाणवते. आपल्याकडचे बरेचसे शूटिंग रात्रीचे: देवळाच्या प्रांगणातले नाटक, दशावतारी काला, शिगम्याची मिरवणूक. अंधारातल्या फुटेजमध्ये दाणे येतात आणि ते काढणारा नॉइज रिडक्शन कार्डाची मेमरी भराभर खातो. ४के टाइमलाइनवर ८ जीबी भरून गेल्याचा संदेश येतो तो इथेच. (रिझॉल्व्हमध्ये ही सोय फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. मोफत आवृत्तीत ४के यूएचडी, ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट करता येतो आणि नव्या माणसाला ती खूप पुरते.) रात्रीचे काम जास्त असणाऱ्याला आम्ही १२ जीबीचेच कार्ड सुचवतो. आर्क घेणार असाल तर मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होत असला पाहिजे. तो नसेल तर गेममधला वेग फार पडतो, म्हणून जुन्या बोर्डवर हे कार्ड आम्ही बसवून देत नाही.

ज्यांना कार्डाचे पैसे आत्ता झेपत नाहीत त्यांनी रायझन ५ ८६००जी घ्यावा. त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सवर हलके गेम कमी सेटिंगला चालतात, फुल एचडी एडिटिंग होते आणि पुढे कार्ड लावता येते.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम

एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही तो चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे आज रायझन ५ ७६०० घेतला तर काही वर्षांनी त्याच बोर्डवर मोठा प्रोसेसर बसवता येईल. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते. ज्यांच्याकडे डीडीआर४ रॅम आधीच आहे त्यांना एएम४ चा बोर्ड आणि रायझन ५ ५६०० अजूनही परवडतो. इंटेलकडे वर सांगितलेला डिकोडरचा फायदा आहे, आणि १२व्या ते १४व्या पिढीसाठी डीडीआर४ चे बोर्डही मिळतात.

रॅमबद्दल थोडे सविस्तर. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, म्हणून लोक एकच १६ जीबीची पट्टी मागतात. एका पट्टीवर ड्युअल चॅनल (दोन पट्ट्यांतून एकाच वेळी माहितीची ने-आण) चालत नाही आणि वेग कमी पडतो. ८६००जी सारख्या प्रोसेसरला तर ते फारच नडते. एडिटिंगसाठी १६ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे ३२ जीबी, हाच योग्य आकडा. फक्त गेमिंग असेल तर ८ च्या दोन चालतील. पण मिनी-आयटीएक्स या लहान आकाराच्या बोर्डवर रॅमच्या दोनच जागा असतात, तेव्हा पुढे वाढवायची वेळ आली की त्या दोन्ही काढून टाकाव्या लागतील, याचा विचार आधी करा. संगणक घरी नेल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग, चालू आहे का ते पाहा. ६००० ची डीडीआर५ घेऊनही ते बंद असेल तर ती ४८०० च्या आसपासच धावते. आम्ही ते चालू करूनच देतो, पण बायोस अपडेट केल्यावर ते पुन्हा बंद होऊ शकते.

कॅबिनेट आणि मोजमाप

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिमी चौरस, मायक्रो-एटीएक्स २४४ मिमी चौरस. फरक वीतभरही नाही, पण पहिल्यावर कार्डासाठी एकच जागा आणि किंमत जास्त. संगणक घरात एकाच टेबलावर राहणार असेल तर मायक्रो-एटीएक्सच घ्या. लहान मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटही टेबलाखाली सहज मावते आणि वाचलेल्या पैशांत रॅम येते. लग्नाच्या हॉलमध्येच एडिट करून त्याच संध्याकाळी रिसेप्शनला व्हिडिओ दाखवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गाडीतून नेता येईल असे आयटीएक्स खरोखर उपयोगी पडते.

मग टेप घेऊन बसायचे. कार्डाची लांबी पाहा: दोन पंख्यांची कार्डे साधारण २०० ते २५० मिमी, तीन पंख्यांची ३०० च्या पुढे. कॅबिनेटच्या माहितीत लिहिलेल्या जागेतून पुढच्या पंख्याची जाडी वजा करा, ती २५ मिमी असते. जाडीही बघा, कारण अडीच स्लॉटचे कार्ड दोन स्लॉटच्या कॅबिनेटमध्ये जात नाही. विजेची वायर कार्डाच्या कडेला लागते आणि तिला वळायला जागा हवी, नाहीतर काच लावताना ती दाबली जाते. कूलरची उंची मोजा. रायझन ५ ७६०० सोबत मिळणारा कूलर ५४ मिमी उंच आहे आणि तो जवळपास सगळीकडे बसतो. टॉवर कूलर १५५ मिमीच्या आसपास असतात, ते पुष्कळशा लहान कॅबिनेटमध्ये मावत नाहीत. उंच पत्र्याची रॅम कधी कधी त्याच कूलरला टेकते. ऑनलाइन सवलतीत कार्ड आधी घेऊन मग कॅबिनेट शोधत येऊ नका, एवढी विनंती.

पुढची बाजू जाळीचीच घ्या. बंद काचेचे कॅबिनेट दिसते छान, पण एप्रिल-मे महिन्यांत एसी नसलेल्या खोलीत आत हवा शिरायला वाव राहत नाही, पंखे ओरडतात आणि कार्ड आपला वेग कमी करते.

एसएसडी

१०० मेगाबिटने चित्रित केलेले ४के फुटेज तासाला ४५ जीबी होते. एका लग्नाचे दहा तास म्हणजे ४५० जीबी. त्यामुळे ५०० जीबीची एसएसडी एडिटिंगला पुरणार नाही. १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) घ्या, आणि झालेले काम वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन ठिकाणी ठेवा. एनव्हीएमईच्या जेन ३ आणि जेन ४ या पिढ्यांच्या वेगातला फरक एडिटिंग करताना फारसा जाणवत नाही. स्वस्त क्यूएलसी एसएसडीवर मोठे फुटेज एकदम ओतताना मात्र कॅशे (तिच्यातली तात्पुरती वेगवान जागा) भरली की वेग धाडकन पडतो, तो जाणवतो.

एसएमपीएस, अर्थिंग आणि आपली हवा

पैसे वाचवायला लोक पहिली कात्री एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला लावतात. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या, वर '५०० वॅट' असे स्टिकर चिकटवलेल्या एसएमपीएसवर ग्राफिक कार्ड लावू नका. तो जळताना बोर्ड आणि कार्डही बरोबर नेऊ शकतो. ४०६० किंवा ५०६० ला नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस पुरे. आर्क बी५८० ला ६५० घ्या. आयटीएक्स कॅबिनेटला बऱ्याचदा एसएफएक्स हा लहान प्रकार लागतो आणि तो महाग असतो. आयटीएक्सचा हिशेब करताना हे धरा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होते का? तसे होत असेल तर घरातले अर्थिंग नीट नाही. पूर्वीच्या बऱ्याच घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. संगणक आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. यूपीएसही घ्याच. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि एक्स्पोर्ट चालू असताना गेली की ते काम पुन्हा करावे लागते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक कार्ड आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीएच्या आसपासचा बरा.

मोरजी-मांद्र्याकडच्या संगणकांची साइड पॅनल उघडली की समुद्राच्या हवेने काय होते ते दिसते. यूएसबीच्या कडांवर गंज, स्क्रूंवर तांबडी भुकटी, पंख्याची घरघर. अशा घरात संगणक खिडकीसमोर ठेवू नका. पावसाळ्यात वापर नसला तरी दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवा, आतला ओलावा त्या उबेने निघून जातो. जमिनीवर ठेवू नका, तांबडी माती पंखा ओढून घेतो. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नका, तिथून पाली आणि मुंग्या आत जातात. विजांच्या कडकडाटात यूपीएस बंद करून प्लगच काढा.

मॉनिटर एडिटिंगसाठी आयपीएस पॅनलचा आणि पूर्ण एसआरजीबी (रंगांचा ठरलेला पल्ला) दाखवणारा घ्या, १०० हर्ट्झच्या पुढे रिफ्रेश मिळाला तर गेमलाही छान. त्याची केबल ग्राफिक कार्डाला लावा. ती बोर्डाच्या पोर्टला लावलेली असली की गेमचे चित्र कार्डावरून येत नाही, आणि 'नवा संगणक हळू चालतो' अशा बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

येताना काय आणावे

तुमच्या कॅमेऱ्याची एक-दोन मिनिटांची मूळ क्लिप पेनड्राइव्हवर आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, तिथे ती आकुंचन पावते. आम्ही ती तुमच्यासमोर टाइमलाइनवर टाकून दाखवू. टेबलाखालच्या जागेचे माप, आवडीच्या गेमची नावे आणि जुन्या संगणकातली रॅम, एसएसडी काही असेल तर तेही आणा, चालण्यासारखे असेल ते वापरू. भाव सारखे बदलतात, म्हणून पत्रकात किमती छापलेल्या नाहीत. कोटेशन त्या दिवशीचे मिळेल, १८ टक्के जीएसटी धरून. प्रत्येक भागाचे बिल सिरीयल नंबरसह देतो आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. कार्ड किंवा बोर्ड दुरुस्तीला गोव्याबाहेर पाठवावे लागले तर ते त्याच खोक्यातून सुरक्षित जाते.