वापर बंद, झीज चालू

कपाटावर जुना कीबोर्ड, पलंगाखाली अ‍ॅम्प्लिफायर, खोक्यात गुंतवळ झालेल्या केबल्स आणि आवाजाचा पोत बदलणारी तीन-चार इफेक्ट पेडल्स. वाजवणं कधीच सुटलेलं असतं, पण टाकवत नाही. कोणी विषय काढलाच, तर उत्तर ठरलेलं: "असू दे पडून, खायला थोडंच मागतंय!" हात लावला नाही तर वस्तू आहे तशी राहते, असं आपण यात धरून चाललेलो असतो. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या बाबतीत ही समजूत साफ खोटी आहे. वापरातलं वाद्य झिजतं हे खरंच. पण बंद वाद्यही झिजतं, आणि त्याचे काही भाग तर बंद असल्यामुळेच खराब होतात.

पहिला गुन्हेगार म्हणजे सेल. साध्या अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र क्षारीय द्रावण असतं. सेल वापरात नसला तरी आतल्या जस्ताची प्रक्रिया मंद गतीने चालूच राहते आणि हायड्रोजन वायू तयार होतो. दाब वाढत गेला की सील फुटतं आणि द्रावण बाहेर झिरपतं. पेडल उघडल्यावर स्प्रिंगभोवती दिसणारा पांढरा खर म्हणजे या द्रावणाने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बनलेलं पोटॅशियम कार्बोनेट. मूळ पदार्थ क्षार असल्यामुळे तो साध्या पाण्यापेक्षा व्हिनेगरच्या दोन थेंबांनी चांगला निघतो. नंतर मात्र अल्कोहोलने जागा पुसून कोरडी करावी लागते, नाहीतर आम्लाचा त्रास वेगळाच सुरू होतो.

जुने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, दुरुस्त करणाऱ्यांना याचं ठळक उदाहरण पाठ असतं: 1981 साली आलेला कॉर्ग कंपनीचा पॉलिसिक्स. यात जुळवलेले आवाज वीज गेल्यावरही लक्षात राहावेत म्हणून सर्किट बोर्डवरच निकेल-कॅडमियमची रिचार्जेबल बॅटरी सोल्डर केलेली होती. वाद्य चालू असताना ती चार्ज होत राहायची. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या पॉलिसिक्समध्ये ती पूर्ण उतरते, गळते आणि द्रावण बोर्डवर पसरतं. त्याखालच्या तांब्याच्या केसासारख्या बारीक रेषा हिरव्या पडतात आणि तुटतात. मग काही पट्ट्या वाजतच नाहीत, काही आपोआप वाजतात, साठवलेले आवाज गायब होतात. मेमरी आणि वाद्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, एकाच पाटीवर असल्यामुळे नुकसान सगळीकडे पोहोचतं. बाहेरून पाहाल तर वाद्य नव्यासारखं चकचकीत!

दुसरा भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज तात्पुरती साठवणाऱ्या, पॉवर सप्लायमधल्या त्या छोट्या डबीसारख्या नळकांड्या. आत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि द्रावणात भिजलेला कागद यांची गुंडाळी असते. वीज अडवण्याचं काम कागद करत नाही. ते पत्र्यावरचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर करतो. तो दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटर इतकाच जाड असतो. गंमत अशी की कपॅसिटरला व्होल्टेज मिळत राहिलं, तर हा थर स्वतःची डागडुजी करत राहतो. वीज बंद असताना द्रावण त्याला हळूहळू पोखरतं. म्हणूनच फार जुना, व्हॉल्व्हवर म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर दशकभराने एकदम पूर्ण व्होल्टेजला लावला, की थरातून जास्त करंट गळतो, कपॅसिटर तापतो आणि कधी कधी फुटतो. जाणकार तंत्रज्ञ त्याला व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत देतो, म्हणजे थर पुन्हा जमतो. हे घरी करून पाहायचं काम नव्हे. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ आत टिकून राहतात.

कपॅसिटरचा आणखी एक शत्रू म्हणजे उष्णता. तापमान 10 अंशांनी कमी ठेवलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा इंजिनिअरांचा ढोबळ नियम आहे. त्यामुळे छपराखालचा तापणारा माळा ही वाद्यं ठेवायची सर्वांत वाईट जागा. आपण मात्र नेमकं तिथेच ठेवतो.

काही वेळा तर संरक्षणासाठी लावलेली वस्तूच घात करते. रोलँड कंपनीच्या 1984 सालच्या जुनो-106 या सिंथेसायझरमध्ये आवाज घडवणाऱ्या चिप्सवर राळेसारखं एपॉक्सीचं आवरण होतं. कालांतराने तेच आवरण किंचित वीजवाहक होऊ लागलं, आत नको तिथे करंट फिरू लागला आणि एकेक आवाज अडकू लागला. उपाय ऐकून हसू येईल: चिप्स काढून अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घालायच्या आणि मऊ झालेलं आवरण सोलून टाकायचं. बऱ्याच चिप्स त्यानंतर पुन्हा गाऊ लागतात.

रबर, फोम आणि टेप यांची कथा एकाच वळणाची आहे. स्पीकरच्या कडेचा पॉलियुरेथेन फोम हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा यांमुळे 15-20 वर्षांत बोट लावताच भुगा होण्याच्या अवस्थेला येतो. टेप डेकमधला पट्टा कडक होतो, नाहीतर डांबरासारखा चिकट. काही चुंबकीय टेपांमध्ये चूर्ण धरून ठेवणारा पॉलियुरेथेन बाइंडर पाणी शोषून विघटित होतो. अशी टेप सुमारे 50 ते 55 अंशांवर काही तास शेकून दमटपणा घालवतात आणि ती जेमतेम चालते आहे तोवर तिची नक्कल करून घेतात. नॉब फिरवताना येणारी खरखर त्या मानाने किरकोळ. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते, ती नॉब पाच-दहा वेळा फिरवला की बरीच कमी होते.

आता दुसरी बाजू. पडून राहणं सगळ्यांनाच मानवत नाही असं नाही. व्हॉल्व्ह खोक्यात ठेवले तर काही दशकं सहज टिकतात, कारण त्यांचा संसार काचेतल्या निर्वातात असतो. आत वरच्या बाजूला बेरियमचा चंदेरी डाग असतो. तो चुकून शिरलेला वायू शोषून घेतो. डाग पांढरा पडला, तर हवा आत शिरली आणि व्हॉल्व्ह संपला असं समजायचं. लाकडी वाद्यांचं दुखणं दमटपणाशी निगडित आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, म्हणून सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर असली की ते सुखात राहतं. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर सगळ्या तारा मिळून सुमारे 70 किलोचा ताण असतो, हेही विसरू नये.

"वाजवलं नाही तर वाद्याचा आवाज मरतो" असं वादकांकडून नेहमी ऐकू येतं. सिडनीतल्या इंटा, स्मिथ आणि वुल्फ या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. एकाच कारागिराने सारख्या लाकडातून केलेल्या दोन व्हायोलिनांपैकी एक संग्रहालयात नियंत्रित हवेत ठेवलं, दुसरं व्यावसायिक वादकाने नियमित वाजवलं. तीन वर्षांनी केलेल्या वादन आणि श्रवण चाचण्यांत दोघांत लक्षणीय फरक सापडला नाही. त्यांचे हे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वाद्यं आणि तीनच वर्षं, त्यामुळे वाद मिटला असं म्हणता येणार नाही. तरी न वाजवल्याच्या अपराधी भावनेपोटी व्हायोलिन सांभाळणाऱ्यांना थोडं हायसं वाटायला हरकत नाही.

मग निम्मं सामान खराब होणार हे कळूनही ते सुटत का नाही? कानेमान, नेच आणि थेलर यांच्या 1990 मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि विकायला सांगितलं. विकणाऱ्यांची मध्यक किंमत 5.25 डॉलर होती, घेणाऱ्यांची 2.25 ते 2.75. तो मग हाती येऊन काही मिनिटंच झाली होती! जिथे तरुणपणाची दहा वर्षं गेली, त्या कीबोर्डचं काय होत असेल, याचा अंदाज बांधा. जुन्या सामानाला कधी ना कधी सोन्याचा भाव येईल, ही आशाही असतेच. रोलँडचं टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 ते 1983 या काळात जेमतेम 12,000 विकलं गेलं आणि पुढे दंतकथा बनलं, हे खरं आहे. पण ज्यांचं पुढे काहीच झालं नाही अशा शेकडो यंत्रांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून आपल्याला 808 च आठवतं.

माझ्या मते या सगळ्यापेक्षा जड पडते ती आठवण. विंटरिच, रेझेक आणि अर्विन यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करण्याचं आवाहन केलं. काही वसतिगृहांत नेहमीचीच पत्रकं लावली, काही ठिकाणी "आधी फोटो काढा, मग द्या" असं सुचवलं. फोटोवाल्या गटातून 613 वस्तू आल्या, दुसऱ्या गटातून 533. सिंथेसायझरवाल्यांना तर फोटोपेक्षा चांगली सोय आहे. यामाहाच्या 1983 सालच्या डीएक्स-7 मध्ये स्वतः जुळवलेले 32 आवाज बोर्डवरच्या एका लिथियम सेलच्या भरवशावर जिवंत असतात. सेल संपला की ते गेले. पण वाद्य अजून चालू होत असेल, तर मिडी केबलने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना आणि संगणकाला जोडणाऱ्या केबलने, ते सगळेच्या सगळे संगणकात उतरवता येतात. फाइल होते 4,104 बाइटची. ती आजच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये उघडून वाजवताही येते, आणि वाद्य दुसऱ्याला देण्याआधी हे करून घ्यायला काही मिनिटं पुरतात.