आज्जीच्या खुब्यातलं सिमेंट

मंगळवार पेठेतल्या घरात मोरीत पाय घसरून आज्जीचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बदलू, नव्या गोळ्याचा दांडा हाडाच्या पोकळीत सिमेंटमध्ये बसवू, तर शेजारचे गवंडीमामा लगेच, "कुठलं ओ, ५३ ग्रेड काय?" सगळे हसले, पण प्रश्न अगदीच येडा नाही.

हे सिमेंट म्हणजे ॲक्रेलिक, कवळीत असतं त्याच्याच जातीतलं. पावडर आणि लिक्विड कालवलं की कणकेसारखा गोळा होतो, मग तापतो आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड. जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनने १९६० च्या आसपास खुब्यासाठी ते रुळवलं. गंमत म्हणजे हा डिंक नाहीच, काहीच चिकटवत नाही! हाडाच्या आतल्या जाळीत घुसून अडकून बसतं, म्हणून ते भरलं कसं यावरच सगळा खेळ.

आधी हाताने कालवून बोटाने वरून कोंबायचे, आत रक्त, हवा राहायची आणि काही वर्षांनी दांडा हलायला लागायचा. नंतर पोकळीत खाली बूच मारायचं, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चरबी-रक्त धुवायचं, गनचं नोझल तळाला नेऊन खालून वर भरत यायचं, वरून दाब द्यायचा, असं सुरू झालं. मामा म्हणाले, "मग आम्ही कॉलमला व्हायब्रेटर कशाला लावतोय?" स्वीडनमध्ये १९७९ पासून खुब्याच्या ऑपरेशनांची नोंद ठेवतात, त्यात या पद्धतीने दांडे जास्त टिकल्याचं दिसलं. गोळा ज्यात फिरतो त्या वाटीच्या बाजूला मात्र तेवढा फरक पडला नाही.

मधे बसवलेल्या सांध्याभोवतीचं हाड झिजण्याचं खापर सिमेंटवर फुटलं, पण मोठा गुन्हेगार निघाला वाटीच्या प्लास्टिकचा झिजून पडलेला बारीक भुगा. तरण्या माणसात आता बऱ्याचदा बिनसिमेंटचा सांधा घालतात. म्हाताऱ्या ठिसूळ हाडात तसला दांडा ठोकून बसवला की हाड तडकायची भीती जास्त, तिथं सिमेंटच बरं. धोका यातही आहे, दाबाने चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात पोचतात, बीपी एकदम पडू शकतं, म्हणून सिमेंट भरायच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच पुढं जातात.

आमची आज्जी दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी. मामा बघतच राहिले, "आमच्या स्लॅबला पंधरा-वीस दिवस सेंट्रिंग काढता येत नाही, आणि हे काय ओ!"