२००५ ची रेघ

सांगलीत कृष्णेकाठच्या काही घरांवर रंगानं ओढलेली रेघ दिसते: २००५ ला पाणी इथवर आलं होतं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५४ च्या जवळ गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मावशीनं फ्रिज टेबलावर चढवला आणि कागदपत्रांची पिशवी रेघेच्या दोन वीत वर, खुंटीला अडकवली. "याच्या वर येत नाही," शेजारीही म्हणाले. पाणी ५७ फुटांपुढं गेलं. रेशनकार्ड नंतर गच्चीवर, दगड ठेवून वाळवावं लागलं.

मावशी निष्काळजी नव्हे. उलट तिनं पूर पाहिला होता, आणि तिथंच घोळ झाला. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट केट्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की पुराच्या प्रदेशातली माणसं स्वतःच्या अनुभवाची कैदी असतात. पाहिला त्याहून मोठा पूर डोळ्यांपुढं उभाच राहत नाही.

त्यात आपल्याकडं वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो! 'घर बुडालं तर?' एवढं विचारलं तरी "शुभ बोल" म्हणून गप्प करतात.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोगही फसवा. एकदा आला, आता शंभर वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी शक्यता १ टक्का, म्हणजे न येण्याची ०.९९. हा आकडा तीस वेळा मांडून गुणाकार केला की ०.७४ उरतो. थोडक्यात, तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. १ टक्क्याला कुणी भीक घालत नाही. चारात एक म्हटलं की कान टवकारतात.

पण कान टवकारले म्हणून हात हलतातच असं नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर-तर' बेतांचा अभ्यास केला. 'तयारीत राहू' या नुसत्या इराद्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करायचं' हे आधी ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं, कारण ऐनवेळी डोकं चालवावं लागत नाही.

मावशीच्या फ्रिजवर आता चिठ्ठी आहे: '४० फूट – पिशवी माधवनगरला. ४३ – गॅस बंद, आपण बाहेर.' २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा ती ४२ लाच निघाली. लोणच्याची बरणी तेवढी राहिली, ती चिठ्ठीत नव्हती.