क्योतोमधली जुनी देवळं

क्योतो हे जपानच्या होन्शू बेटावरचं साधारण १४ लाख वस्तीचं शहर. ७९४ साली सम्राट कानमूने राजधानी इथे आणली आणि १८६९ मध्ये सम्राट टोकियोला जाईपर्यंत, म्हणजे हजारेक वर्षं, राजघराण्याचं बस्तान इथेच होतं, त्यामुळे बौद्ध देवळं, शिंतो देवस्थानं सगळं गल्लोगल्ली. इथल्या आणि शेजारच्या उजी, ओत्सुमधल्या मिळून १७ जागा १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

पण "जुनं देऊळ" म्हणजे हजार वर्षांपूर्वीचंच लाकूड असं समजू नका. सगळं बांधकाम लाकडी, त्यात आगी लागायच्या, विजा पडायच्या, आणि ओनिनच्या युद्धात (१४६७-७७) तर शहराचा मोठा भाग जळून गेला. दाइगोजी या देवळाचा ९५१ सालचा पॅगोडा मात्र वाचला, शहरातली सगळ्यात जुनी इमारत तीच. बाकी बरंचसं पुन्हा बांधलेलं.

स्टेशनजवळच्या तोजी या देवळाचं उदाहरण घ्या. तिथला पाचमजली पॅगोडा चार वेळा जळाला, आत्ता उभा आहे तो पाचवा, १६४४ चा, उंची जवळपास ५५ मीटर, जपानमधला सगळ्यात उंच लाकडी पॅगोडा. भूकंपांच्या देशात हा टिकला कसा? प्रत्येक मजला खालच्यावर नुसता बसवलेला असतो, सांधे खाचा पाडून जोडलेले, मधोमध एक मोठा खांब वेगळाच उभा, त्यामुळे हादरे बसले की मजले थोडे थोडे सरकून जोर जिरवतात असं मानतात. भारतीय माणसाने इथलं प्रवचनगृह तर अजिबात चुकवू नये, कारण कूकाई या भिक्षूच्या कल्पनेतून मांडलेल्या २१ मूर्तींमध्ये हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवर बसलेला ब्रह्मा आहे, नावं फक्त जपानी, ताइशाकुतेन आणि बोनतेन!

सान्जूसान्गेन्दो हे १२६६ चं, सुमारे १२० मीटर लांब सभागृह, आत सहस्रभुज कान्नोनच्या (करुणेचा बोधिसत्त्व, आपला अवलोकितेश्वर) १००१ मूर्ती.

आणि अर्थात कियोमिझुदेरा. डोंगरउतारावर पुढे आलेला त्याचा सज्जा जमिनीपासून साधारण १३ मीटर उंच, खाली झेल्कोव्हाच्या झाडाचे जाडजूड खांब, आडव्या तुळया त्यांच्यात आरपार घातलेल्या, खिळ्यांच्या भरवशावर काहीच नाही. हे मुख्य देऊळ १६३३ चं.

आजूबाजूला मोबाईलची दुकानं, हॉटेलं, १९६४ चा १३१ मीटरचा क्योतो टॉवर, या सगळ्यात देवळांचं दर्शन झाकलं जाऊ नये म्हणून २००७ मध्ये पालिकेने मधल्या भागातली इमारतींची कमाल उंची ४५ वरून ३१ मीटरवर आणली, जागा एवढी महाग असताना हा निर्णय घेणं खरंच धाडसाचं होतं.

जपणूक मात्र नियमांपेक्षा कारागिरांवर जास्त अवलंबून आहे. कियोमिझुदेराचं छप्पर हिनोकी झाडाच्या सालीचं, ते २०२० मध्ये नव्याने शाकारून झालं. ही साल जिवंत झाडाची काढतात, झाड मरत नाही, काही वर्षांनी साल परत धरते, पण ती सोलणारे आणि रचणारे हात तयार व्हायला फार वेळ लागतो. लाकडी वास्तू जपायच्या या कौशल्यांना युनेस्कोने त्याच वर्षी अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.