जुन्या अमेरिकी दुनळी बंदुकीची दुसरी खेप : पार्श्वभूमी

ग्राऊस, वुडकॉक, बॉबव्हाइट लावा आणि फेझंट या झुडपी रानांतल्या व शेतांच्या कडेकडेने राहणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीला अमेरिकेत ‘अपलँड’ शिकार म्हणतात. दिवसभर कुत्र्यामागे पायपीट करायची आणि पाखरू उठले की क्षणात बार टाकायचा, अशी ही शिकार असल्यामुळे हलकी, खांद्याला चटकन लागणारी दुनळी बंदूक तिथे आजही मानाची आहे. त्यातही शंभरेक वर्षांपूर्वीची, पण नव्याने दुरुस्त करून घेतलेली अमेरिकी बनावटीची दुनळी विकत घेण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा बंदुकीचे मोल आणि तिच्यातली जोखीम, दोन्ही समजून घ्यायची तर ती घडली त्या काळाकडे पाहावे लागते.

अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यानंतर, 1860च्या दशकाच्या उत्तरार्धात, कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडन गावी चार्ल्स पार्कर यांच्या कारखान्याने छर्‍याच्या दुनळी बंदुका काढायला सुरुवात केली. त्याआधी हाच कारखाना कॉफी दळायच्या चक्क्यांसाठी ओळखला जात होता. पुढे न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजमध्ये डॅनियल लेफिव्हर आणि एल. सी. स्मिथ, तर इथाका गावी त्याच नावाची कंपनी या धंद्यात उतरली. स्मिथ यांनी लवकरच बंदुकांचा व्यवसाय फुल्टनच्या हंटर कुटुंबाला विकला आणि ते टाइपरायटरकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फियात अॅन्सली फॉक्स यांची कंपनी उभी राहिली. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1909च्या आफ्रिका मोहिमेत फॉक्स बंदूक नेली होती. श्रीमंतांसाठी कोरीव नक्षीच्या बंदुका आणि शेतकऱ्यासाठी पार्करची ‘ट्रोजन’ किंवा फॉक्सची ‘स्टर्लिंगवर्थ’ यांसारख्या साध्या बंदुका, असे या कारखान्यांचे गणित होते.

साध्या बंदुकीतही हातकाम भरपूर असे. नळ्यांचा मागचा भाग अॅक्शनवर (नळ्या मागून बंद करणाऱ्या पोलादी भागावर) घट्ट बसावा म्हणून कारागीर त्यावर दिव्याची काजळी धरत, बंदूक मिटून उघडत, काजळी कुठे घासली ते पाहत आणि तेवढाच धातू कानशीने उतरवत. हे पुन्हा पुन्हा करावे लागे. याच मेहनतीने पुढे या बंदुकांचा घात केला, कारण विंचेस्टरची 1897ची आणि 1912ची पंप बंदूक (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची), तसेच बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवर बेतलेली रेमिंग्टनची अर्धस्वयंचलित बंदूक यंत्रांवर मोठ्या संख्येने आणि स्वस्तात निघू लागली. 1929मध्ये फॉक्स सॅव्हेज कंपनीकडे गेली, मंदीच्या काळात 1934मध्ये पार्कर रेमिंग्टनकडे गेली आणि दुसऱ्या महायुद्धात पार्करचे उत्पादन थांबले. इथाकाच्या दुनळी 1948मध्ये संपल्या. एल. सी. स्मिथचा फुल्टन येथील कारखाना तोवर मार्लिन कंपनीच्या ताब्यात आला होता. 1949च्या जानेवारीत त्याच्या इमारतीतली जमीन खचली आणि ते उत्पादनही लवकरच बंद पडले. विंचेस्टरचे मालक जॉन ऑलिन यांच्या हट्टामुळे त्या कंपनीची ‘मॉडेल 21’ ही दुनळी तेवढी काही काळ टिकली.

आज दुरुस्तीसाठी येणाऱ्या बंदुका या पडझडीतून उरलेल्या आहेत, आणि बहुतेकांवर आधीच्या मालकांचे हात फिरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक नळ्या दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या असत आणि त्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या असत. पुढच्या पोलादी नळ्या धूरविरहित दारूला चालत असल्या, तरी कित्येकांचे चेंबर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) आजच्या काडतुसापेक्षा आखूड आहेत, विशेषतः सोळा बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप). नळ्यांच्या तोंडाशी असणारे अरुंद भाग, म्हणजे चोकही, फार आवळलेले असत, कारण काडतुसात छर्‍यांभोवती त्यांना एकत्र ठेवणारी प्लास्टिकची वाटी येण्यापूर्वीचा तो काळ होता. म्हणून नंतरच्या काळात कोणी चेंबर लांब केले, कोणी चोक मोकळे केले, कोणी नळ्याच कापल्या. पोलादी छर्रे तर या नळ्यांना मुळीच मानवत नाहीत. शिशाला बंदी असेल तिथे बिस्मथसारख्या मऊ धातूचे छर्रे वापरावे लागतात.

दुरुस्तीचा खरा कस अॅक्शनच्या रंगांत आणि नळ्यांच्या काळसर निळाईत लागतो. मूळ कारखान्यांत अॅक्शन हाडाच्या व लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवत आणि पाण्यात विझवत, त्यातून निळ्या, तपकिरी, गवती छटांचे ढग उमटत. हे काम जाणणारे आजही आहेत. पण नुसती आच देऊन किंवा आम्ल लावून तसे रंग उठवणारेही आहेत, आणि चुकीच्या आचेने पोलादाचा कणखरपणा जाऊ शकतो. नळ्यांचेही तसेच आहे. दोन नळ्या आणि मधली पट्टी कथिल-शिशाच्या डागाने (वितळवून ओतलेल्या सांध्याने) जोडलेल्या असतात. आजच्या साध्या बंदुकांना निळाई देण्यासाठी वापरतात तो उकळता क्षार हा डाग खातो, त्यामुळे दुनळीला सावकाश गंज चढवून निळाई देण्याची जुनी पद्धतच चालते. एल. सी. स्मिथच्या बंदुकीत यंत्रणा बाजूच्या पाट्यांवर असल्याने दस्त्याचे लाकूड तिथे बरेच पोखरलेले असते आणि पाट्यांच्या मागे चिरा पडतात. त्या लाखेखाली दडवल्या आहेत की आतून सांधल्या आहेत, हे पाटी काढल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मते शिकारीसाठी घेताना चकाकीपेक्षा मोजमापाला अधिक वजन द्यावे. नळीच्या भिंतीची जाडी जागोजागी मोजलेली असावी, कारण आतली खड्डेदार गंज घासून काढताना भिंत पातळ होते आणि बाहेरून ते दिसत नाही. दुरुस्ती कोणी केली व काय बदलले, याचा लेखी तपशीलही मागावा. पार्करच्या अनेक मूळ नोंदवह्या टिकल्या आहेत आणि संग्राहकांच्या संघटनेकडून क्रमांकावरून दाखला मिळू शकतो, एल. सी. स्मिथच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात आहेत. अशा दाखल्यात बोअर, नळीची लांबी, दर्जा असे तपशील सापडतात. नोंदीत तीस इंची नळ्या आणि हातात सव्वीस इंची असतील, तर त्या कापलेल्या किंवा बदललेल्या आहेत, आणि विक्रेत्याला पहिला प्रश्न तोच विचारावा.