तिरफळ शेवटी का टाकायचं?

बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाची, कृती सिंधुदुर्गात सहसा कुणी लिहून ठेवत नाही. सासूकडून सुनेकडे जातात ते नियम, तेही दटावणीच्या सुरात. तिरफळाची बी काढ. वाटू नको, नुसतं चेच. आणि भांडं उतरवायच्या बेतात असताना टाक. 'का' विचारलं तर 'असंच करतात' एवढंच उत्तर. रसायनशास्त्राचं उत्तर जरा बरं आहे.

तिरफळ लिंबाच्या कुळातलं. कोकण-गोव्यातल्या या काटेरी झाडाचं फळ वाळलं की उकलतं. आतली काळी बी टणक, दाताखाली कचकचणारी, म्हणून ती फेकायची. सगळा वास टरफलातल्या तेलात. त्यातली टर्पीन नावाची संयुगं उष्णतेने भराभर उडून जातात. तिरफळ आधीच घालून रटरटा उकळलं, तर वास शेजाऱ्यांना मिळतो, तिखल्याला नाही. तयार पुडीतली तिरफळाची पूड मला म्हणूनच फुकट वाटते.

जिभेवरच्या झिणझिण्या मात्र चवीत मोडत नाहीत, त्या स्पर्शाच्या. तिरफळाची चिनी भावकी म्हणजे सिचुआन मिरी. तिच्यातलं सॅन्शूल हे संयुग स्पर्शाचे मज्जातंतू चेतवतं. २०१३मध्ये लंडनच्या संशोधकांनी ही मिरी स्वयंसेवकांच्या ओठांना लावली, तेव्हा त्यांना जाणवलेली थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांची निघाली. मिरचीची आग वेगळी. ती उष्णता ओळखणाऱ्या तंतूंना फसवते. शिवाय मिरची पोर्तुगीजांबरोबर आलेली पाहुणी, तिरफळ इथलंच.

आणि बांगडाच का? तो तेलकट, उग्र वासाचा. समुद्राचा मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथिलअमाइन तयार होतं, तोच तो 'माशाचा वास'. तिखल्यातल्या कोकमाच्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन क्षार बनतो. हा क्षार हवेत उडत नाही, त्यामुळे नाकापर्यंत पोचत नाही. उरलेला चरबीचा वास तिरफळ दाबतं. पापलेटाला याची गरज नाही. त्यात तिरफळ घालणाऱ्याला मालवणात माफी मिळणं कठीण.

तरी तिरफळ म्हणजे नुसतं वास मारायचं औषध नव्हे. मासे वर्ज्य असतात त्या दिवशी गोव्यातल्या सारस्वत घरांत ते मुगागाठीत, म्हणजे मोड आलेल्या मुगांच्या रश्शात, पडतं, आणि तिथे दाबण्यासारखा वास कुठलाच नसतो.